मांजरीने मासा चोरला नाही

१

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला मांजरीने मासा चोरला नाही.

मांजर पत्र्याची, वीतभर उंचीची, जपानमध्ये बनलेली. ती एका टोपलीत बसते. टोपलीही पत्र्याचीच, पण तिच्यावर वेताची वीण अशी रंगवलेली आहे की माणसं बोट लावून खात्री करतात. झाकणावर एक मासा. चावी दिली की झाकण बोटभर वर येतं आणि आतल्या अंधारातून दोन डोळे दिसतात. डोळे आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे. कोणी पाहत नाही असं ठरल्यावर एक पंजा बाहेर येतो, मासा ओढतो, झाकण मिटतं. सगळं शांत झाल्यावर आतून एकच बारीक 'टिक' येते, मिटक्या मारल्यासारखी. ती टिक यंत्राच्या कामाला लागत नाही. कोणा कारागिराने ती केवळ गंमत म्हणून बसवली आहे.

त्या सकाळी चावी पूर्ण फिरली, पण झाकण हललं नाही.

"कालपण असंच झालं," हारिस होडेकर म्हणाला. "सकाळी मेलेली, दुपारी जिवंत. आज तिसऱ्यांदा सांगतो अब्बा, हे आपोआप होत नाही. कोणीतरी करतंय."

त्याचे वडील तय्यब होडेकर मांजरीच्या झाकणाकडे बघत होते. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर फिटर म्हणून काम केलेला हा माणूस आता सत्तरी ओलांडून मालवणच्या बंदराजवळ, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत, जपानी खेळण्यांचा संसार मांडून बसला होता. तिकीट नव्हतं. चपला बाहेर काढायच्या, एवढाच नियम.

नम्रता कुबल दारातच उभी होती. ती एका दैनिकाची तालुका वार्ताहर. रविवारच्या पर्यटन पुरवणीत या खोलीवर अर्धं पान द्यायचं म्हणून ती आली होती. तिने वही मिटली.

"करतंय म्हणजे कोण?" तिने विचारलं.

हारिसने खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं. तिथे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक म्हातारा पाठमोरा बसून जाळं शिवत होता.

"खोलीच्या बाहेरच्या दाराला दोन चाव्या," हारिस म्हणाला. "एक अब्बांकडे. दुसरी कालपर्यंत बाबलीकाकांकडे होती, आणि चावीची नक्कल कोणीही करून देतं."

२

बाबली तांडेल हा तय्यबांचा लहानपणापासूनचा दोस्त. तय्यब जहाजावर असताना त्यांच्या घराकडे बघणारा, आणि ते परत आल्यावर रोज अकराला येऊन पाहुण्यांना खेळणी चालवून दाखवणारा. तय्यब नुसते खुर्चीत बसत. बोलायचं काम बाबलीचं. मासा सॅल्मन आहे असं कोणी पुण्यामुंबईचा म्हणाला, तर बाबली त्याला थांबवत असे. "बांगडो तो. पाठीवरचे पट्टे बघा. जपानातले लोक खोटो बांगडो पण खरो करतत."

आज तो येणार नव्हता. आदल्या दिवशी दुपारी हारिसने त्याच्याकडून चावी मागून घेतली होती.

"त्यांनी का करावं असं?" नम्रताने विचारलं.

हारिस गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात नोकरीला होता. चार दिवसांच्या रजेवर आला होता. त्याचं बोलणं मुद्देसूद होतं. हॉटेलच्या दर्शनी भागात ही खेळणी मांडायची, वातानुकूलित काचेच्या कपाटात, अब्बांच्या नावाची पाटी लावून, असं त्याच्या मनात होतं. इथे खारं वारं पत्रा खातं आणि अब्बांचा हात आता थरथरतो. तय्यबांनी गेल्या वर्षी त्याला शब्द दिला होता: ज्या दिवशी माझ्या हयगयीने एक जरी खेळणं बंद पडेल, त्या दिवशी सगळी घेऊन जा.

"मग खेळणं बंद पडल्यावर तुमचाच फायदा," नम्रता म्हणाली.

"म्हणूनच सांगतो, मी केलं नाही. मला करायचं असतं तर मी बाबलीकाकांचं नाव घेतलं नसतं. अब्बांची चूक म्हटलं असतं आणि आजच खोकी भरली असती. बाबलीकाकांना वाटतं, मांजर बिघडलेली दिसली की हॉटेलवाले नको म्हणतील. साधा हिशेब आहे."

हिशेब साधा होता, पण नम्रताला तो पटला नाही.

"बाबलीकाकांचं काय होणार?"

"अब्बा म्हणाले, दोष त्याचा असेल तर तो या उंबऱ्यात पुन्हा येणार नाही." हारिसचा आवाज खाली आला. "मलाही ते बरं वाटत नाही. मला पोहायला त्यांनीच शिकवलं."

तेव्हा प्रश्न एवढाच होता. दोष तय्यबांचा ठरला तर खेळणी जाणार, दोष बाबलीचा ठरला तर बाबली.

३

नम्रताने आधी खोली पाहून घेतली. बातमी लिहिताना ती जागेपासून सुरुवात करते, माणसांपासून नाही.

फळ्यांवर शेकडो चिमुकल्या वस्तू होत्या. जपानच्या बंदरात यंत्रात नाणं टाकून दांडा फिरवला की प्लास्टिकचा एक गोळा बाहेर पडतो. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. इतर खलाशी टेपरेकॉर्डर आणि घड्याळं घ्यायला धावत, तेव्हा तय्यब हे गोळे घेत. दमून गादीवर आडवी झालेली तळलेली कोळंबी होती, गळ्यापर्यंत पांघरूण ओढलेली. कपाच्या काठाला एका हाताने लोंबकळणारा कोट-टायमधला कारकून. पावाच्या कापातून तोंड बाहेर काढून बसलेला, आपण कुठे आहोत याची अजिबात लाज नसलेला कुत्रा. नखाएवढा भाताचा कुकर, ज्याचं झाकण उघडतं आणि आतली शितं सुटी दिसतात. खिडकीत पाय फुटलेला एक मुळा, अंगावर ऊन पडलं की 'हो, हो' म्हणत मान हलवणारा. हे सगळं कशासाठी, असं विचारायला तोंड उघडावं आणि हसूच बाहेर पडावं.

तय्यबांनी कोळंबीचं पांघरूण चिमट्याने उचलून दाखवलं. खाली, जिथे कोणी कधी बघणार नाही, तिथे तिच्या पायात मोजे रंगवलेले होते.

"ह्या माका आवडता," ते म्हणाले. "जा दिसाचा नाय, ताही नीट केलेला."

चावीवर चालणारं खेळणं एकच, मांजर. बाकी सगळं उन्हावर, सेलवर किंवा नुसत्या शोभेचं. मांजरीच्या फळीवर मुंग्यांची एक बारीक रांग लागली होती. टोपलीच्या बुडाशी जाऊन ती दिसेनाशी होत होती. दुसऱ्या कुठल्याच फळीवर मुंगी नव्हती. कोपऱ्यात काचेच्या दाराचं छोटं कपाट होतं, कुलूप लावलेलं, आणि त्याची किल्ली तय्यबांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात. आत आकाराप्रमाणे लावलेले पेचकस, मऊ कुंचला, आणि जपानी अक्षरांची चिठ्ठी असलेली एक इवलीशी बाटली, अर्धी पांढऱ्या मलमाने भरलेली. नम्रताने हे पाहिलं आणि तिच्या सवयीप्रमाणे लिहून घेतलं. तेव्हा त्याचा अर्थ तिला लागला नाही.

हारिसची बायको शाझिया चहा घेऊन आली. ही खोली पर्यटकांना राहायला द्यावी, असं ती सासऱ्यांना पूर्वी एकदा म्हणाली होती.

"म्हटलं होतं," ती सरळ म्हणाली. "मग एक दिवस त्या मुळ्याची मान हलताना बघितली आणि विषय सोडला. रोज सकाळी झाडू मारताना मी त्याला विचारते, आज आमटी करू की कालवण. तो दोन्हीला हो म्हणतो."

"या मांजरीला तुम्ही हात लावता?"

"नाही हो ताई. अब्बा फडकंसुद्धा लावू देत नाहीत. तेलपाणी तेच करतात, दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजावरून आले की. जपानातल्या कोबे बंदरातल्या एका घड्याळजीने दिलेलं तेल आहे. शिवणयंत्राचं तेलही त्यांना चालत नाही." तिने कप पुढे सरकवला. "एक सांगू? काल बाबलीकाकांना बोल लागला, तेव्हा ते काही म्हणाले नाहीत. चावी दिली आणि जाताना मला म्हणाले, मांजरीक जरा उन्हात घे गो. मला वाटलं, चेष्टा करतायत. अशा वेळी कोण चेष्टा करतं?"

हे ऐकून तय्यबांनी हातातला कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच राहिला.

४

बाबलीने नम्रताला बसायला पाट दिला आणि स्वतः जाळं सोडलं नाही.

"रात्री तुम्ही त्या खोलीत गेला होतात?"

"रात्री माका माझा घर धड दिसत नाय. तय्यबाचा खंयचा दिसतला?"

"मग हारिस म्हणतो ते खोटं?"

"तय्यबाचो झिल तो. झिलान काय तरी म्हणाक होयाच."

"तुम्ही ते तिथल्या तिथे खोडून का नाही काढलं?"

बाबलीने सुई जाळ्यातून ओढली. "तुका पेपरात काय छापूचा ता छाप. बाबली तांडेल चोर, असा छाप. फोटो मात्र बरो घाल."

"मांजर उन्हात घ्यायला का सांगितलंत?"

सुई थांबली. जानेवारीची हवा होती. म्हाताऱ्याने कानावर मफलर घट्ट केला.

"माका थंडी वाजता," तो म्हणाला. "तिका वाजाची नाय?"

तो पुन्हा जाळ्याकडे वळला. आळ आलेला माणूस एकतर चिडतो किंवा गयावया करतो. नम्रताने दोन्ही प्रकारची माणसं पुष्कळ पाहिली होती. बाबली तिसऱ्याच तऱ्हेने वागत होता. त्याला काहीतरी ठाऊक होतं आणि आपण ते सांगितलं तर दुसऱ्याच कोणाचं नुकसान होईल, अशा बेताने तो शब्द मोजत होता.

दुपारी ती परत होडेकरांकडे गेली. तय्यब नमाजावरून आले होते. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, काचेचं कपाट उघडलं, जपानी चिठ्ठीची बाटली हातात घेतली, आणि काही क्षण नुसतेच उभे राहिले. मग सुईच्या टोकावर एक थेंब उचलून मांजरीच्या यंत्रात सोडला. थेंब पाण्यासारखा स्वच्छ होता. बाटली पुन्हा कपाटात गेली, कुलूप लागलं.

हारिसने चावी फिरवली. झाकण वर आलं. डोळे डावीकडे गेले, मग उजवीकडे. मासा गेला. टिक.

"बघा," हारिस म्हणाला. "आता ठणठणीत. रात्री कोणीतरी येणार आणि सकाळी पुन्हा तेच."

"येऊ दे," नम्रता म्हणाली. तिने पिशवीतून आपल्याच वर्तमानपत्राचा एक अंक काढला, त्याच्या पट्ट्या फाडल्या, आणि संध्याकाळी घरच्या सगळ्यांच्या देखत खोलीच्या दोन्ही दारांवर आणि खिडकीवर खळीने चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर आडवी सही केली.

शनिवारी सकाळी सगळ्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. सही कुठेही तुटलेली नव्हती.

आत मांजर मेलेली होती.

५

हारिस पायरीवर बसला. "म्हणजे कोणी आलंच नाही."

"नाही," नम्रता म्हणाली. "मला ते काल दुपारीच कळायला हवं होतं. बिघाड करणारा माणूस एकदा बिघडवतो आणि जातो. रोज रात्री बिघडवून रोज दुपारी दुरुस्त करून जाणारा दुश्मन मी कधी ऐकला नाही. शिवाय इतकी खेळणी सोडून एकच का? तर ज्याला तेल लागतं असं तेच एक."

पण तेलाने यंत्र चालतं, थांबत नाही. तिथे येऊन तिचं घोडं अडलं. ती अंगणात आली. शाझिया नुकतीच न्हाऊन आली होती आणि गडग्याच्या दगडांवर एक बाटली उन्हात ठेवत होती.

"ते काय?"

"डोक्याचं तेल, ताई. थंडीत गोठतं ना. चमच्यानेसुद्धा निघत नाही. दहा वाजेपर्यंत पातळ होईल."

नम्रता जागच्या जागी उभी राहिली. मग आत जाऊन तिने काचेच्या कपाटासमोर वाकून पाहिलं. कालच्या सकाळसारखंच जपानी चिठ्ठीच्या बाटलीत पांढरं मलम होतं. पण काल दुपारी याच बाटलीतून तिने पाण्यासारखा थेंब निघताना पाहिला होता.

तिने हारिसला आणि शाझियाला हाक मारली.

"कपाट उघडायला लावायची गरज नाही. काचेतून बघा. ही बाटली सकाळी पांढरी असते आणि दुपारी स्वच्छ. या किनाऱ्यावर असं वागणारं तेल एकच, आणि ते कोबेत मिळत नाही."

शाझिया वाकली आणि ताबडतोब म्हणाली, "खोबरेल."

"यंत्राच्या प्रत्येक दातात ते मुरलंय. पहाटेच्या गारव्यात गोठतं आणि चाकं धरून ठेवतं. ऊन चढलं की सोडतं. या मुंग्यासुद्धा तेवढ्यासाठीच आल्यात. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात हे दर थंडीत घडतं, तरी कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाटलीवर जपानी अक्षरं होती, म्हणून आतलं तेलही जपानी, असं आपण धरून चाललो."

"पण बाटलीत खोबरेल घातलं कोणी?" हारिसने विचारलं. विचारता विचारताच त्याचा चेहरा बदलला. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली एकच होती.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तय्यबांनी गळ्यातला दोरा काढून किल्ली मेजावर ठेवली.

"घड्याळजीचा तेल गेल्या उन्हाळ्यात संपला," ते म्हणाले. "त्येका जावन आता वर्सां झाली. तसा तेल मागूचा खंय? शेवटचो थेंब घातलंय, आणि बाटली रिकामी बघवना. म्हटलंय, आपल्या माडाचा तेल काय वायट? कोणाक दिसाचा नाय." थोडा वेळ ते कोळंबीकडे बघत राहिले. "मेल्या बाबल्यान वासावरनाच वळाखल्यान असतला. तरी गप रवलो. काल 'उन्हात घे' ह्या ऐकलंय, तेव्हा माका समाजला. आणि मी पण गप रवलंय."

नम्रताला बाबलीचं मौन आता पूर्ण कळलं. तो एक वाक्य बोलला असता तर त्याचा आळ गेला असता. पण त्याच वाक्याने हयगय तय्यबांची ठरली असती, आणि दिल्या शब्दाप्रमाणे कोळंबी, कारकून, मुळा, मांजर, सगळं गोव्याला गेलं असतं. त्याने खेळणी राखली आणि स्वतःचा उंबरा सोडला.

"हारिस," तय्यब म्हणाले, "शब्द तो शब्द. खोकी आण."

हारिस उठला नाही.

६

खोक्यांच्या आधी तय्यबांनी मांजर उचलली. टोपलीसकट, दोन्ही हातांत, ते रस्ता ओलांडून समोर गेले. बाकीचे मागोमाग.

बाबलीने वर पाहिलं. आधी मांजरीकडे, मग माणसाकडे.

"निजली हा?" त्याने विचारलं.

"निजली." तय्यब त्याच्या शेजारी पाटावर बसले आणि मांजर खळ्यातल्या उन्हात ठेवली. "बाबल्या, तेल मी घातलेलंय."

"माका म्हाईत आसा. गणपतीपासना तुझ्या मांजरीक लाडवाचो वास येता."

"मग सांगलंस नाय कित्याक?"

"तू इचारलंस खंय? तू तर सरळ झिलाक धाडून चावीच मागून घेतलंस."

तय्यबांनी मान खाली घातली. बाबलीने त्यांना थोडा वेळ तसंच राहू दिलं. तेवढा त्याचा हक्क होता. मग त्याने जाळं बाजूला केलं आणि पाटावर सरकून जागा केली.

"आता खेळणी जातली," तय्यब म्हणाले. "माझ्या हातान बंद पडला."

"बंद खंय पडला? उशिरा उठता. मी पण उशिरा उठतंय. माका कोण गोव्याक धाडीत नाय." बाबली हारिसकडे वळला. "आणि तुझ्या हाटेलात एसी ना रे? थंय ही जलमभर उठाची नाय."

शाझियाने पदर तोंडाला लावला. हारिस वडिलांसमोर उकिडवा बसला होता. त्याच्या हातात आता ती बाटली होती आणि तो चिठ्ठीचा फोटो काढत होता. सावकाश, अक्षर न् अक्षर स्पष्ट यावं असा.

"कोबेत अजून कोणीतरी हे तेल विकत असेल," तो म्हणाला. "शोधतो. आणि आतलं यंत्र आधी धुवावं लागेल, अब्बा. मी धरीन, तुम्ही सांगा."

"आणि माझो शब्द?" तय्यबांनी विचारलं.

हारिसने खिशात हात घातला. खोलीची दुसरी चावी काढून त्याने बाबलीच्या जाळ्यावर ठेवली. "काका, मी चुकलो."

"चुकलंस," बाबली म्हणाला आणि चावी कमरेला खोवली.

नम्रताने त्या रविवारी अर्धं पान लिहिलं. त्यात कोळंबीचे मोजे होते, मुळा होता, बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे होते. तेलाचा उल्लेख नव्हता. शेवटी फक्त इतकंच छापून आलं: खोली पाहण्याची वेळ, सकाळी अकरानंतर.

पण ते नंतर. त्या सकाळी सगळे खळ्यात बसून राहिले. ऊन पायरीवरून उतरून टोपलीवर आलं, झाकणावर आलं, पत्र्याच्या बांगड्यावर चमकलं. कोणी घाई केली नाही. बाबलीने मांजरीची चावी पूर्ण फिरवली आणि हात बाजूला घेतला.

बराच वेळ काही झालं नाही. मग झाकण बोटभर वर आलं. आतले डोळे डावीकडे तय्यबांकडे वळले, मग उजवीकडे बाबलीकडे. दोघेही दुसरीकडे बघत असल्यासारखे बसले होते.

पंजा बाहेर आला. मासा गेला. झाकण मिटलं.

दोघं म्हातारे कान देऊन थांबले, आतली टिक ऐकू येईपर्यंत.